असर्शन म्हणजे प्रतिपादन नव्हे, ताळा

प्रश्न असा आला आहे: "मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लिनक्स कर्नेलवर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर) मराठीतून टिपणं काढतोय. भाषांतराच्या यंत्राने 'स्टॅटिक असर्शन'ला 'स्थिर प्रतिपादन' आणि 'बिल्ड_बग_ऑन'ला 'बगवर बांधा' असं सुचवलं. मित्र हसले. मग म्हणायचं काय? आणि कर्नेल की कर्नल?"

मित्र हसले ते बरोबरच. प्रतिपादन सभेत करतात. 'असे प्रतिपादन त्यांनी केले' एवढं दुसऱ्या दिवशी पेपरात येतं आणि पुढे काही होत नाही. असर्शन म्हणजे कोडमध्ये लिहून ठेवलेली 'हे असंच असायला हवं' अशी अट; ती खोटी निघाली तर मात्र काम जागच्या जागी थांबतं. 'ग्वाही' हा शब्द अर्थाने जवळ जातो, पण पुढाऱ्यांनी इतक्या ग्वाह्या दिल्या आहेत की त्यात आता दम उरलेला नाही. माझं मत 'ताळा' या शब्दाला. गणित सोडवून झालं की गुरुजी विचारायचे, "ताळा पाहिलास का?" तोच हा ताळा. पडताळा, ताळेबंद ही मंडळी रोजच्या बोलण्यात आहेतच.

हा शब्द मी ओढूनताणून आणलेला नाही. प्रोग्रॅम बरोबर आहे हे कसं तपासावं यावर अ‍ॅलन ट्युरिंगने 1949 साली केंब्रिजच्या परिषदेत एक छोटा निबंध वाचला. त्यात त्याने 'असर्शन' हाच शब्द वापरला आणि समजावून सांगायला चक्क शाळेतली बेरीज घेतली: 1374, 5906, 6719, 4337, 7768. उत्तर 26104. नुसतं उत्तर दिलं तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज पहिल्यापासून करावी लागते. पण हातचे लिहून ठेवले तर? एककांची बेरीज 34, म्हणजे 4 खाली आणि 3 हातचे. दशकांची 17, शतकांची 29, हजारांची 23. खालच्या अंकांची ओळ 3974, हातच्यांची ओळ 2213. दुसरी ओळ एक घर डावीकडे सरकवून मिळवा, 26104 येतात. आता प्रत्येक रकाना वेगळा माणूस तपासू शकतो. मध्ये लिहून ठेवलेले हे हातचे म्हणजेच असर्शन. आपल्याकडे हातचाही आहे आणि ताळाही, मग प्रतिपादन कशाला?

'स्टॅटिक'चं 'स्थिर' करू नका. इथे त्याचा अर्थ 'प्रोग्रॅम चालण्याआधी, कम्पायलरच्या हातात असतानाच' असा आहे. कम्पायलर म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, आणि त्याच्याकडून सगळं तयार करून घेणं म्हणजे बिल्ड. 'बिल्डच्या वेळचा ताळा' म्हणा, लांब वाटला तर 'बिल्डताळा' म्हणा. सी भाषेत 2011 च्या प्रमाणापासून त्यासाठी '_स्टॅटिक_असर्ट' आहे. कर्नेलवाल्यांनी मात्र त्याच्या आधीपासून स्वतःचा 'बिल्ड_बग_ऑन' चालवला, आणि खरी गंमत त्या 'ऑन'मध्ये आहे.

हा 'ऑन' म्हणजे 'वर' नव्हे. आपल्या पाट्यांवर 'येथे कचरा टाकताना आढळल्यास' असं असतं ना, त्यातलं 'आढळल्यास' म्हणजे हा 'ऑन'. त्यामुळे दोन्ही ताळ्यांची तोंडं उलट दिशांना आहेत. असर्टच्या कंसात जे हवं ते लिहायचं, बिल्ड_बग_ऑनच्या कंसात जे नको ते. मराठीत त्यासाठी दोन तयार क्रियापदं आहेत: असर्ट वाचताना 'असलंच पाहिजे' म्हणा, बिल्ड_बग_ऑन वाचताना 'असता कामा नये'.

कर्नेलमधलंच उदाहरण घ्या. नेटवर्कचं प्रत्येक पाकीट 'एसके_बफ' नावाच्या रचनेतून फिरतं. तिच्यात 48 बाइटांचा एक कप्पा ठेवलेला असतो, पाकीट ज्या थरात असेल त्याने आपली चिठ्ठीचपाटी त्यात ठेवायची. टीसीपी, म्हणजे पाकिटं नीट पोचतात ना हे बघणारा थर, तोही ठेवतो. उद्या कुणी टीसीपीच्या चिठ्ठीत दोन रकाने वाढवले आणि ती कप्प्याबाहेर गेली, तर शेजारची माहिती खराब होईल आणि ते कुठेतरी भलतीकडेच उघडकीला येईल. म्हणून टीसीपी सुरू करणाऱ्या कोडमध्ये एक बिल्ड_बग_ऑन आहे. मराठीत वाचा: टीसीपीची चिठ्ठी कप्प्यापेक्षा मोठी असता कामा नये. मोठी झालीच तर कर्नेल तयारच होत नाही.

पूर्वी हे थांबवायची युक्ती भारी होती. नको ती अट खरी निघाली की कम्पायलरला उणे एक लांबीचा अ‍ॅरे (सारख्या घरांची रांग) मागायचा. उणे एक माणसाची पंगत कोण वाढणार? तो हात टेकायचा. तक्रार मात्र अ‍ॅरेच्या लांबीची करायचा, त्यामुळे नवखा माणूस अ‍ॅरे शोधत बसे.

बिल्डताळ्याची मर्यादा उघड आहे: कम्पायलरला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीच त्यात बसतात, म्हणजे आकार, जागा, स्थिरांक. यंदा गोदेला किती पाणी येईल ते त्याला विचारून उपयोग नाही, त्यासाठी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडेच बघावं लागतं. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की काठावरचे टपरीवाले सामान आवरतात, डोकं बुडायला आलं की सराफ बाजारात धावपळ होते. कर्नेल चालू असतानाचे 'वॉर्न_ऑन' आणि 'बग_ऑन' हे साधारण तसेच. पहिला लॉगमध्ये बोंब मारून पुढे जाऊ देतो, दुसरा जागीच मारतो. कर्नेलच्या नियमांत आता नवा बग_ऑन लिहू नका असंच सांगितलेलं आहे, कारण एका ड्रायव्हरच्या (एखादं उपकरण चालवणाऱ्या कोडच्या) चुकीपायी अख्खी मशीन बसते. वॉर्नलाही मशीन थांबवायची सेटिंग आहे, ती कुणी लावली असेल तर तोही तितकाच जहाल.

एकदा मी असर्टच्या जागी बग_ऑन टाकला आणि कंसातली अट उलटवायला विसरलो. सगळं नीट होतं म्हणूनच बोर्ड प्रत्येक वेळी सुरू होताच मरत होता. रात्री साडेअकराला 'असता कामा नये' असं मोठ्याने वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून वाचूनच बघतो.

'बग'ला बगच राहू द्या. 'ढेकूण' करून पाहिलं, टिपण गादीवर लोळायला लागलं. 'बिल्ड तुटला' की 'तुटलं' यावर आमच्या ऑफिसात दोन तट आहेत, मी 'तुटला'वाला. आणि कर्नल नको, कर्नेल लिहा. कर्नेल कोलमडून थांबला की 'पॅनिक झाला' म्हणतात; नाशिकमध्ये 'कर्नल पॅनिक झाला' असं कानावर पडलं तर लोक देवळालीच्या तोफखान्याकडे बघतील.