ओट्याची उंची मिस्त्रीला नका विचारू, भाकर थापून बघा

परभणीला घर बांधायलात, स्वयंपाकघर 10 बाय 11 चं आहे, ओटा सरळ घ्यावा का एल, आणि मिस्त्री म्हणतोय उंची सगळीकडं 33 इंचच असते, ते बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. मी लातूरची. आमचा ओटा दोनदा झाला. दुसऱ्यांदा का करावा लागला, ते आधी सांगते.

आमचाही मिस्त्री 33 च म्हणाला होता. आम्ही मान डोलावली. त्यानं 33 धरले ते खालच्या कडाप्प्यापर्यंत. वर सिमेंटचा मसाला आणि ग्रॅनाईट चढल्यावर टेप लावला तर साडेचौतीस. दीड इंचानं काय होतंय म्हणून सोडून दिलं. वास्तुशांतीचे पाहुणे गेले आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी करायला उभ्या राहिल्या. त्यांची उंची पाच फुटाला थोडी कमीच. परात ठेवली, गोळा मळला आणि पहिल्याच थापेला दोन्ही कोपरं पंखासारखी बाजूला उचलली गेली. भाकरीला जोर वरून, तळव्यातून यावा लागतो. हात उचललेले असले की नुसती चापट बसते, भाकर परातीत फिरतच नाही. दोन भाकरी कशाबशा झाल्या. मग देवघरातला पाट ओढत आणला, त्यावर चढल्या आणि म्हणाल्या, "ओटा बांधलाय का माळवद?"

तर उंचीचा हिशोब असा. जी बाई किंवा जो माणूस रोज स्वयंपाक करतो (कोण करतं ते तुम्ही लिहिलंच नाही!), त्याला चपलेशिवाय उभं करा, हात कोपरात वाकवायला सांगा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. चिरायला, निवडायला ओटा कोपराच्या चार-पाच इंच खाली बरा. भाकरी थापायला, कणीक मळायला सात-आठ इंच खाली लागतो. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर साधारण 38 इंचावर येतं. म्हणजे चिरायला 33 आणि भाकरीला 30. मिस्त्रीचे 33 चूक नाहीत, पण ते भाजी चिरण्यापुरते.

आता गॅस. शेगडीचीच उंची पाच-सहा इंच, वर पातेलं आठ इंचाचं. 33 च्या ओट्यावर पातेल्याचा काठ 46-47 इंचावर जातो, आणि वरण शिजलं का बघायला टाचा वर कराव्या लागतात. सिंकचं बरोबर उलटं. भांडं आठ इंच खोल, ओटा खाली घेतला तर घासताना कंबर वाकते. म्हणून मी म्हणेन, एका उंचीचा ओटा घेऊच नका. सिंक आणि चिरायची जागा 33 ला, गॅस आणि भाकरीची बाजू 30 ला. मधे तीन इंचाची पायरी येईल, ती दिसायला विचित्र दिसते, दिसू द्या. फक्त पायरीच्या काठाला ग्रॅनाईटची अर्धा इंच उंच पट्टी लावून घ्या, नाहीतर सिंककडचं पाणी शेगडीखाली उतरतं. आणि ही सगळी मापं फरशी बसल्यावरची, असं मिस्त्रीकडून दोनदा वदवून घ्या.

सरळ का एल? तुमच्या खोलीत एल. सरळ दहा फुटात सिंक दोन फूट, शेगडी अडीच फूट, मधली मोकळी जागा तीन फूट. उरतात अडीच, तिथं मिक्सर, पाण्याचा जार आणि डबे येऊन बसतात. मग परात कुठं? मांडीवर? ओटा म्हणजे गॅस आणि सिंक नव्हे, त्यांच्यामधला मोकळा दगड. तिथं तीन फुटाच्या खाली जाऊ नका. शेगडीच्या दुसऱ्या बाजूलाही दीड-दोन फूट सोडा, उतरलेला कुकर ठेवायला. एलमधे लांब बाजूला आधी सिंक, मग मोकळा भाग, मग कोपऱ्याजवळ शेगडी, आणि वळणारी आखूड बाजू फक्त भाकरीची. थापली, जागेवरच वळलं, तव्यात टाकली. कोपऱ्यातला दोन बाय दोनचा चौकोन हाताला नीट येत नाही, तिथं मिक्सर ठेवा आणि त्याचा बोर्ड ओट्याच्या वर घ्या, खाली नको.

पाण्याची जागा मात्र आधी ठरवा. 2016 ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हापासून मी घर बघायला गेले की पहिल्यांदा घागर कुठं ठेवतात ते बघते. ट्रॉलीवाला ओट्याखालची एकूण एक जागा भरून देतो. सिंकच्या बाजूला दोन फूट मोकळं सोडायला सांगा, पिंप आणि दोन घागरी बसतील एवढं. माठ गॅसपासून लांब, आणि त्याच्याखाली पाणी वाहून जायला उतार.

दगडाचं थोडक्यात. कडाप्पा स्वस्त, पण तो चुनखडीचा दगड. लिंबू, चिंचेचं पाणी सांडलं की चमक जाते. वर ग्रॅनाईटच बरा. पण बोअरचं जड पाणी असेल तर काळ्याभोर ग्रॅनाईटवर सिंकभोवती पांढरे डाग रोज दिसतील, बारीक ठिपक्यांचा करडा घ्या. सिंकसाठी कापल्यावर पुढं जी अरुंद पट्टी राहते ती तडकते, तिला खालून आधार आहे का बघा.

सिलिंडर उभाच आणि शेगडीच्या खालच्या पातळीवर. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून त्या कप्प्याला तळाशी जाळी हवी. खिडकी शेगडीच्या अगदी मागं घेऊ नका, वाऱ्यानं ज्योत फडफडते.

वीटकाम सुरू व्हायच्या आधी एक काम करा. खडूनं जमिनीवर खऱ्या मापात ओटा आखा, फ्रीजचं दार उघडून कुठवर येतं तेही आखा, आणि घरच्या बाईला रिकामी परात घेऊन त्यात उभं करा. विटा रचून वर फळी टाकली तर उंचीही कळेल, दोन-चार भाकरी थापूनच बघू द्या. आम्ही दुसऱ्या वेळी असंच केलं. आत्याबाईंनी एक वीट काढायला लावली, मग परत अर्धी ठेवायला लावली.