मखमली अँथुरियम पावसात का कुजतं?

प्रश्न : अँथुरियम वॉरोक्वेनमची लांब पानं जूनपासून पिवळी पडताहेत. कुंडीत लाल माती, शेणखत आणि वाळू आहे. पाणी रोज घालते. काय चुकतंय? – एक वाचक, फोंडा

उत्तर : माती चुकतेय. झाड अळवाच्या कुळातलं खरं, पण अळवासारखं चिखलात रमणारं नव्हे. कोलंबियाच्या ओल्या जंगलात ते झाडांच्या खोडांवर वाढतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. चिकट लाल मातीत ती गुदमरतात.

झाड उपसून मुळं धुवा. मऊ, तपकिरी, ओढल्यावर साल सुटणारी मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. नव्या कुंडीत नारळाच्या सोडणांचे 1-2 सेंमी तुकडे 4 भाग, लाकडी कोळसा 2 भाग, परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) 2 भाग आणि मूठभर गांडूळखत घाला. सोडणं गोव्यात फुकट मिळतात, पण त्यांत क्षार असतात: 2 दिवस भिजवा, पाणी 3-4 वेळा बदला. हे टाळलं तर पानांच्या कडा करपतात आणि दोष उगाच उन्हाला जातो. कुंडी मुळांच्या गोळ्यापेक्षा 2-3 सेंमीच मोठी घ्या.

वरचा 2-3 सेंमी थर सुकला की मगच पाणी. पावसाळ्यात पानांवर फवारणी नकोच. कोंदट हवेत ओल्या मखमलीवर बुरशीचे डाग पडतात, त्यापेक्षा छोटा पंखा मंद चालू ठेवा. एसीच्या कोरड्या हवेत मात्र नवं पान उलगडतानाच अडकून फाटतं. खत नवं पान आल्यावरच, पाकिटावरच्या मात्रेच्या चौथाई.