विमानातला इंधनाचा एक पाइप बदलायला चार तास का लागतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सगळे जागेवर बसल्यावर वैमानिकाने 'इंजिनाच्या फ्युएल होजला (इंधनाच्या लवचीक पाइपाला) गळती आहे' असं सांगितलं, प्रवाशांना उतरवलं आणि विमान चार तासांनी सुटलं. गाडीचा पाइप गॅरेजवाला वीस मिनिटांत बदलतो, मग इथे एवढा वेळ कसला? आणि गळायला लागेपर्यंत कुणाच्या लक्षात कसं येत नाही?

मी विमान देखभालीतला लायसन्सधारक इंजिनिअर. बरीच वर्षं लाइनवर, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात विमानाखाली उभं राहून काढली आहेत. होज काढून नवा लावायला खरंच वीस मिनिटं पुरतात. बाकीचा वेळ दोन गोष्टी खातात: गळतंय नेमकं कुठून ते शोधणं, आणि नवा होज कशाला टेकत तर नाही ना ते बघणं.

आधी हे होज असतात कुठे ते सांगतो. पंखातल्या टाक्यांतून इंधन नेणारे पाइप बहुतेक धातूचे, ताठ असतात. इंजिन मात्र थरथरतं, तापून वाढतं, पंखाखाली किंचित डोलतं. तिथे ताठ पाइप लावला तर तडकेल, म्हणून लवचीक होज. त्याच्या आत टेफ्लॉनची नळी, तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची घट्ट वेणी आणि गरम जागी त्यावर सिलिकॉनचं जाड विटकरी आवरण, म्हणजे फायर स्लीव्ह. जेट इंधन ३८ अंश सेल्सिअसच्या पुढे पेट घेण्याइतकी वाफ सोडू शकतं आणि चालत्या इंजिनाच्या आवरणात त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. म्हणून सीलमधून ठरावीक थेंब गळले तर चालतं (मिनिटाला किती ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं), पण होज किंवा त्याचा जोड ओला दिसला की विमान थांबलं.

जाता जाता एक गंमत. शेपटीतल्या छोट्या इंजिनाला, एपीयूला, इंधन नेणारी लाइन बऱ्याच विमानांत प्रवाशांच्या पायाखालूनच जाते. तिथे पाइपाभोवती आणखी एक पाइप असतो. आतला गळलाच तर इंधन त्या दोघांमधल्या फटीतून वाहत विमानाच्या पोटाखालच्या ड्रेनमधून बाहेर पडतं, केबिनमध्ये शिरत नाही. आम्ही चक्कर मारताना त्या ड्रेनखाली हटकून बोट फिरवतो.

आता शोधण्याचं. इंधन उतार बघत पळतं. फायर स्लीव्हच्या आत शिरलं तर आतल्या आत सरकत होजच्या दुसऱ्या टोकाला बाहेर येतं. त्यामुळे ओली दिसते ती जागा आणि गळते ती जागा एकच असेल याची खात्री नसते. एका रात्री आम्ही फसलो होतो. होजच्या खालच्या नटावर थेंब लोंबत होता, स्लीव्ह भिजलेला. होज बदलला, टाकीतून इंधन ढकलणारा बूस्ट पंप चालू केला आणि दोन मिनिटांत नव्या होजच्या त्याच नटावर पुन्हा थेंब. सगळं पुसून कोरडं केलं, संशय आलेल्या जोडांवर पांढरी पावडर मारली आणि टॉर्च धरून बसलो. पावडरीवर पहिली ओली रेघ उमटली ती हातभर वर, वेगळ्याच जोडाशी. तिथली ओ-रिंग, म्हणजे जोड बंद ठेवणारी रबरी कडी, कापली गेली होती. जुना होज धडधाकट होता! तेव्हापासून मी आधी पुसतो, मग पंप लावून बघतो, आणि पाना त्यानंतर हातात घेतो. यात अर्धा-पाऊण तास सहज जातो आणि वरून ऑपरेशन्सवाल्यांचे फोन चालूच असतात.

होज तपासायची रीत साधीच आहे: टॉर्च, आरसा आणि एक फडकं. वेणीवरून उघडा हात फिरवू नये, तुटलेली तार सुईसारखी बोटात घुसते. फडकं फिरवायचं. ते जिथे अडकेल तिथे तार तुटली आहे. नटाच्या मानेशी वेणी फुगली आहे का, होज धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पच्या आतला रबर निघून धातू थेट होजला टेकतोय का, स्लीव्ह तेलाने किंवा इंधनाने भिजून मऊ पडलाय का, हे बघायचं. होजवर लांबीभर एक रेघ छापलेली असते. ती सरळ धावत असेल तर ठीक, गोल जिन्यासारखी वळत गेली असेल तर बसवणाऱ्याने नट आवळताना होजला पीळ दिला आहे. पीळ पडलेला होज दाब आला की उलट फिरायला बघतो आणि नट ढिला करतो.

आणखी एक सवय लागते. टेफ्लॉनचा होज वर्षानुवर्षं गरम जागी राहिला की त्याच वळणात आखडतो. काढल्यावर नवशिका मुलगा तो सरळ करून आतून बघायला जातो आणि आतली नळी चुरगळते. बाहेरून काही दिसत नाही. तसाच परत लावला तर पुढची गळती ठरलेली.

बदलताना आधी कॉकपिटमध्ये पंप बंद, सर्किट ब्रेकर ओढून त्यांना क्लिप आणि टॅग, इंधनाचा व्हॉल्व्ह बंद, खाली बादली, शेजारी अग्निशामक. मग भागाचा नंबर. दोन होज दिसायला जुळे भाऊ असतात, पण एकाची लांबी बोटभर जास्त किंवा टोकाचा कोन वेगळा. म्हणून याच विमानाला, याच इंजिनाला हा नंबर चालतो का ते कॅटलॉगमध्ये बघायचं आणि सोबतचं प्रमाणपत्र जुळवायचं. स्टोअरमध्ये नसेल तर दुसऱ्या विमानतळावरून मागवायचा. तुमच्या चार तासांतले दोन इथेच गेले असले तर मला नवल वाटणार नाही.

या जुळवाजुळवीला आम्ही एवढं का धरून असतो? २४ ऑगस्ट २००१ रोजी एअर ट्रान्सॅटचं एअरबस ए३३० टोरोंटोहून लिस्बनला निघालं होतं, विमानात ३०६ माणसं. काही दिवसांपूर्वी त्याचं उजवं इंजिन बदललेलं होतं. बदली इंजिनावर हायड्रॉलिकचा (दाबाखालच्या तेलाचा) पाइप जुन्या रचनेचा होता आणि त्याच्या शेजारी इंधनाचा पाइप नव्या रचनेचा लागला. दोन्ही पाइप एकमेकांना टेकले, घासत राहिले आणि अटलांटिकवर इंधनाचा पाइप फाटला. इंधन एका बाजूचं कमी होतंय असं दिसल्यावर वैमानिकांनी क्रॉसफीड, म्हणजे दोन्ही बाजूंचं इंधन जोडणारा व्हॉल्व्ह, उघडला, त्यामुळे चांगल्या बाजूचंही त्याच वाटेने गेलं. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर ते विमान सुमारे १९ मिनिटं नुसतं तरंगत अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरच्या लाजेस तळावर उतरलं. सगळे वाचले. तिथे होज नव्हता, ताठ पाइप होता, पण दुखणं तेच. दोन पाइपांमधली फट बोटाने मोजायला मी तेव्हापासून कधी लाजलो नाही.

तर नवा होज आधी दोन्ही टोकांना हातानेच लावायचा, मोकळा लोंबू द्यायचा, स्वतःच्या वळणाला बसू द्यायचा. किंचित ढील ठेवायची, कारण दाबाखाली होजची लांबी बदलते. मग एका पान्याने समोरचा भाग धरून दुसऱ्याने नट ठरलेल्या जोराने (टॉर्कला) आवळायचा, मग क्लॅम्प, आणि नट सैल होऊ न देणारी लॉकवायर. त्यानंतर पंप चालू करून गळती बघायची, मग इंजिन प्रत्यक्ष चालवून, आणि ते बंद झाल्यावर काउल (इंजिनाचं झाकण) उघडून पुन्हा एकदा. अशा कामावर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या माणसाची स्वतंत्र तपासणी आणि सही लागते. तो दुसरा माणूस त्या वेळी तिसऱ्याच विमानाखाली असतो.

लक्षात आधी का येत नाही, याचं उत्तर: बऱ्याचदा येतं. काउल उघडून होणाऱ्या तपासण्यांत तार तुटलेला, स्लीव्ह भिजलेला होज आम्ही गळायच्या आधीच काढतो, आणि ते प्रवाशांपर्यंत कधी पोचत नाही. पण दोन उड्डाणांच्या मधल्या तासाभरात काउल उघडला जात नाही, बाहेरून चक्कर मारून होते. त्या वेळी इंजिनाखाली जमिनीवर थेंब दिसला तरच शंका येते. तुमच्या विमानाखाली तो बहुधा कुणाला तरी बोर्डिंग चालू असताना दिसला.