गोव्याच्या ग्राहक आयोगात केंद्राच्या खात्याविरुद्ध तक्रार चालते का?

तुम्ही विचारलंय की पोस्ट, रेल्वे, पीएफ असल्या केंद्राच्या खात्यांविरुद्ध गोव्यातल्या ग्राहक आयोगात जाता येतं का, कारण मेलबर्नला असलेला तुमचा भाऊ म्हणतो की राज्याच्या ट्रिब्युनलला केंद्राला हात लावता येत नाही. भाऊ खोटं बोलत नाहीये, पण तो तिथलं सांगतोय. ऑस्ट्रेलियात 2018 च्या बर्न्स विरुद्ध कॉर्बेट या निकालात तिथल्या हायकोर्टाने (तिकडे हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट) सांगितलं की राज्याचं जे ट्रिब्युनल 'कोर्ट' नाही त्याला घटनेने केंद्राकडे ठेवलेले ठरावीक वाद चालवता येत नाहीत. मग 2020 मध्ये व्हिक्टोरियाच्या (मेलबर्नचं राज्य) अपील कोर्टाने व्हीकॅट हे तिथलं राज्याचं ट्रिब्युनल कोर्ट नाहीच असं ठरवलं, त्यामुळे तसल्या भानगडी तिथे मॅजिस्ट्रेट कोर्टात जातात.

आपल्याकडे ही भिंतच नाही. आपली न्यायव्यवस्था एकच, आणि ग्राहक आयोग तर संसदेच्याच 2019 च्या कायद्याखाली चालतात, राज्य सरकार फक्त ते स्थापन करतं आणि माणसं नेमतं. त्यामुळे समोरचा दिल्लीचा की पणजीचा हा प्रश्न बाजूला ठेवा, बघायचं एवढंच की तुम्ही पैसे देऊन सेवा घेतली होती का, आणि त्या सेवेसाठी दुसऱ्या कुठल्या कायद्याने वेगळी वाट ठेवलीय का.

माझंच सांगतो. बाबांच्या ऑपरेशनचा क्लेम केंद्र सरकारच्या मालकीच्या एका विमा कंपनीने नाकारला, म्हणून आम्ही डिचोलीहून पर्वरीला जिल्हा आयोगात तक्रार घातली. कंपनीच्या ऑफिसरने आधीच मला ऐकवलेलं की 'आमी सेंट्रलचे, मुंबयक वच' (मुंबईला जा), आणि मी वेडा, चार महिने त्या वाक्यावर विश्वास ठेवून घरी बसलो. प्रत्यक्षात त्यांच्या वकिलाने लेखी उत्तरात तो मुद्दा घेतलासुद्धा नाही, कारण त्याला ठाऊक होतं की तो टिकत नाही. नवीन कायद्यात तर तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्याच आयोगात जायची सोय आहे. शेवटी तडजोड झाली, पूर्ण नाही पण बरेच पैसे मिळाले.

आता खातेनिहाय, कारण सगळ्यांना एकच नियम नाही.

रेल्वेचं जरा गुंतागुंतीचं आहे. अपघाताची भरपाई, बुक केलेला माल हरवणं, तिकिटाचा रिफंड, हे 1987 च्या कायद्याने रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलकडे दिलेलं आहे, त्यात ग्राहक आयोगात शिरू नका, वेळ जातो. पण गाडी लेट झाली, सेवा नीट मिळाली नाही, हे आयोगात चालतं. राजस्थानातल्या अलवारच्या एका माणसाची अजमेर-जम्मू एक्सप्रेस चार तास लेट झाली, जम्मूहून श्रीनगरचं विमान चुकलं, टॅक्सी करावी लागली. जिल्ह्यात केस जिंकला, रेल्वे ती सुप्रीम कोर्टापर्यंत घेऊन गेली आणि 2021 मध्ये तिथेही हरली. एकूण रक्कम तीस हजार! उशिराचं कारण रेल्वेनेच दाखवायचं, नाही दाखवलं तर भरा, असं कोर्ट म्हणालं. थिवी किंवा करमळी स्टेशनवर ताटकळलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

पोस्टाशी भांडणं सगळ्यात कठीण. 1898 च्या कायद्यात कलम 6 होतं, टपाल हरवलं किंवा उशिरा पोचलं तर खातं जबाबदार नाही, कर्मचाऱ्याने मुद्दाम किंवा लबाडीने केलं असेल तरच तो सापडतो. 18 जून 2024 पासून नवा कायदा लागू झालाय पण कलम 10 मध्ये तीच ढाल थोड्या वेगळ्या शब्दांत शाबूत आहे. मला विचाराल तर हे अन्यायाचं आहे, पैसे घेऊन सेवा देताय तर जबाबदारी नको कशी? मात्र पैशाच्या योजनांचं वेगळं, किसान विकास पत्राच्या एका घोटाळ्यात 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने कर्मचाऱ्याच्या लबाडीसाठी पोस्टालाच जबाबदार धरलं.

पीएफवाले ग्राहक आहेत हे तर 1999 मध्येच सुप्रीम कोर्टात ठरलं. टेलिफोनच्या तक्रारी आयोगात नेणं सुप्रीम कोर्टाच्या 2009 च्या एका निकालाने अडलं होतं, 2022 मध्ये त्याच कोर्टाने ती वाट मोकळी केली. इन्कम टॅक्स, बोर्डाची परीक्षा असलं काही असेल तर मात्र विसरा, ती सेवाच नाही.

आणखी एक, तुम्ही 'राज्य आयोग' लिहिलंय, पण थेट पणजीला जायचं नसतं. तुम्ही सेवेसाठी दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर आधी जिल्हा आयोग, उत्तरेला पर्वरी, दक्षिणेला मडगाव. मोजायची ती दिलेली रक्कम, मागितलेली भरपाई नाही. पाच लाखांपर्यंत फी शून्य. तक्रार ई-जागृतीवर (ग्राहक आयोगांचं सरकारी पोर्टल) घरूनही टाकता येते, वकील लागतोच असं नाही.

घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि खात्याशी पत्रव्यवहार चालू ठेवला म्हणून ती थांबत नाही. माझे चार महिने तसेच गेले होते, तुमचे किती गेलेत ते आधी मोजा.