जळगावात घरचं बिल महिन्याला ३०० युनिटच्या आसपास येतं, आता इलेक्ट्रिक स्कूटरही घेतली आहे. सोलरसोबत बॅटरी बसवावी का?

बॅटरी सध्या नको. ३ किलोवॅटचं नेट मीटरिंगवालं सोलर बसवा आणि स्कूटर दिवसा चार्ज करा. खानदेशात घरांवर पॅनल बसवायचंच काम करतो, त्यावरून सांगतो. १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, म्हणजे ३ किलोवॅटला महिन्याला साधारण ३६०. घर आणि स्कूटर दोन्ही त्यात भागतं. नेट मीटरिंगमध्ये जादा वीज महावितरणच्या लाइनीत जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते, मग साठवायला वेगळा खर्च कशाला? पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. बिलातला स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. घरी चार्जिंग केलं तर दर घरगुतीच लागतो, त्यामुळे सोलर नसेल तर स्कूटरचे युनिट तुम्हाला ३०० च्या वरच्या महाग टप्प्यात ढकलतात.

मे महिन्यात ४५ अंशांत पॅनल तापून उत्पादन थोडं उतरतं, ते बिघाड समजू नका. धूळ मात्र खरंच नडते. पॅनल सकाळी लवकर धुवा. बोअरचं पाणी वापरलं तर लगेच पुसा, नाहीतर काचेवर क्षारांचा पांढरा थर धरतो.

एक अपवाद: साधं नेट मीटरिंगवालं सोलर लाइट गेली की भर उन्हातही बंद पडतं. तुमच्याकडे रोज तासन्‌तास लाइट जात असेल तर हायब्रिड, म्हणजे बॅटरी जोडता येणारा, इन्व्हर्टर घ्या. लाइट गेल्यावर वीज मिळायला त्याला बॅटरी मात्र लागते, ती नंतरही जोडता येते.