रोज सायकल चालवतो, कोवळ्या उन्हातही बसतो, तरी व्हिटॅमिन डी ११! हाडांसाठी नेमकं काय करू? (वय २६)

तुमचा प्रश्न वाचून माझीच जुनी फाइल उघडल्यासारखं वाटलं. मी पुण्यात राहतो. तिशीला टेकलो होतो, दर रविवारी सायकलवर खडकवासला व्हायचं आणि रिपोर्टात डी आलं ९. (२० च्या खाली म्हणजे कमतरता.) डॉक्टरांनी विचारलं, किती वाजता निघता? म्हटलं, साडेपाचला. अंगात काय? पूर्ण बाह्यांची जर्सी, हातमोजे, हेल्मेट. "मग ऊन कुणाला लागतं, सायकलला?"

कोवळं ऊन चांगलं, हे आपण आजीपासून ऐकत आलोय. अंगाला बरं वाटतं हे खरंच, पण डीच्या हिशेबात ते जवळपास फुकट. सूर्य खाली असताना किरण तिरपे येतात, हवेचा जाड थर कापावा लागतो आणि त्वचेत डी तयार करणारे अतिनील किरण वाटेतच ओझोनमध्ये शोषले जातात. सोपी खूण म्हणजे स्वतःची सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं, म्हणजे साधारण दहा ते तीन. ऑफिसच्या काचेतून येणारं नाही, काच ते किरण अडवते. आपल्या सावळ्या कातडीला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. मी आठवड्यातून तीन-चारदा अकराच्या सुमारास हाफ पँटवर वीसेक मिनिटं गच्चीत उभा राहतो. कातडी चुरचुरायच्या आत खाली. शेजारच्या काकूंनी कुरडया घालता घालता विचारलंही, "तुलापण वाळत घातलंय का रे?"

आता सायकल. हृदयाला उत्तम, पण हाडांना तिचा फारसा उपयोग नाही, कारण वजन सीटवर असतं. पोहण्याचंही तेच. हाडाला हादरा हवा असतो. वाकलं-दबलं की आतल्या बारीक नळ्यांमधला द्रव हलतो, पेशींना ते कळतं आणि तिथे भर पडते. टेनिसपटूंचं रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते यामुळेच. उलट अंतराळवीरांच्या खुब्याची हाडं व्यायाम नसेल तर महिन्याला एक टक्क्याच्या आसपास विरळ होतात.

आणि या पेशी पटकन कंटाळतात! थोड्या हादऱ्यांनंतर दाद देईनाशा होतात, विश्रांती मिळाली की पुन्हा ताळ्यावर. म्हणून तासभर एकसुरी धावण्यापेक्षा सकाळी पन्नास आणि संध्याकाळी पन्नास दोरीवरच्या उड्या बऱ्या. जोडीला वजन घेऊन बैठका. सायकल सोडू नका, मीही सोडली नाही. गुडघा किंवा पाठ आधीच दुखत असेल तर मात्र उड्या विचारून.

हाडांची ठेव साधारण तिशीपर्यंतच वाढते, पुढे शिल्लक सांभाळायची असते. तुमच्या हातात अजून तीन-चार वर्षं आहेत. कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. मला दूध पचत नाही, म्हणून नाचणीची भाकरी, तीळ आणि दही.

११ आकडा नुसत्या उन्हाने लवकर वर येईल असं मात्र समजू नका. माझा तीन महिन्यांत ३४ झाला, त्यात मोठा वाटा आठवड्याला एक अशा ६०,००० युनिटच्या पुड्यांचा होता. दुपारच्या जेवणानंतर घ्यायचो, कारण डी स्निग्ध पदार्थांबरोबर नीट शोषलं जातं. या पुड्या तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच घ्या. केमिस्ट चिठ्ठीशिवाय देतो म्हणून वर्षभर घेत राहिलात तर रक्तात कॅल्शियम चढतं आणि किडनीला भोगावं लागतं.