नकाशा कसा चुकला ते राहू द्या, तक्रार कोणी केली ते सांगा

तुमच्या पत्राची पहिली दोन पानं नकाशा कसा चुकला, डिझायनर मुलाने तो कुठून उचलला आणि तुमचा हेतू किती स्वच्छ होता यातच गेली. हेतूबद्दल मला शंका नाही. पण मला हवं होतं ते शेवटच्या चार ओळींत, ताजा कलम म्हणून आलं: पोलिसांची नोटीस आली आहे, आणि तुम्ही मागेच एक माफीनामा लिहून देऊन बसला आहात.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. यांचा इंदूरला खजुरी बाजाराजवळ छापखाना आहे. डिसेंबर २०२४मध्ये वॉर्डातल्या एका इच्छुक पार्षदाचं (म्हणजे नगरसेवक होऊ पाहणाऱ्याचं) २०२५चं कॅलेंडर यांनी छापलं. हात जोडलेला फोटो, मागे तिरंगी रंगातला भारत, खाली सीमेच्या रक्षणाची घोषणा. आणि त्याच भारतातून पाकव्याप्त काश्मीर आणि अक्साई चीन गायब. जानेवारीत समोरच्या गटाने त्याचे फोटो फिरवले आणि थान्यात आवेदन, म्हणजे लेखी तक्रारअर्ज, दिलं. टीआयने, म्हणजे थान्याच्या मुख्य निरीक्षकाने, बोलावलं, यांनी तिथेच बसून माफीनामा लिहिला. मग तेरा महिने शांतता, आणि आता नोटीस. त्यात कलम नाही, फक्त 'बयान हेतु उपस्थित हों'. शिवाय कोणीतरी यांच्या डोक्यात भरवलंय की याला शंभर कोटी दंड आणि सात वर्षं कैद आहे.

ती भीती आधी काढून टाका. ते आकडे मे २०१६मध्ये केंद्र सरकारने हरकतींसाठी जाहीर केलेल्या भू-अवकाशीय माहितीच्या विधेयकाच्या मसुद्यातले आहेत. तो मसुदा कायदा झालाच नाही. तरी दर २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास तो संदेश फिरतो, आणि गणेश मंडळं, कोचिंग क्लास, फ्लेक्सवाले मला घाबरून पत्र लिहितात.

तुम्हाला लागू होतो तो १९६१चा फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियम, कलम २. त्याचं उपकलम (२) १९९०मध्ये जोडलं गेलं: भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा जो प्रकाशित करेल, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. इथे हेतूचा शब्द नाही, म्हणूनच तुमची दोन पानं मी बाजूला ठेवली. त्याच्याच खाली उपकलम (३) आहे आणि तुमचं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे: उपकलम (२)च्या गुन्ह्याची दखल (म्हणजे खटला चालवायला घेणं) न्यायालय फक्त सरकारने केलेल्या तक्रारीवरूनच घेऊ शकतं. समोरच्या गटाच्या कार्यकर्त्याने दिलेलं आवेदन ही सरकारची तक्रार होत नाही. सरकार म्हणजे केंद्र किंवा राज्य, दोन्ही चालतात, पण तक्रार त्यांच्या वतीने, अधिकार दिलेल्या माणसाने, दंडाधिकाऱ्यासमोर करायला हवी.

आता त्याला मुदत जोडा. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याला एक वर्षाची मुदत आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ५१४ आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४६८ होतं. ही मुदत तक्रार दाखल होण्याच्या तारखेवर मोजायची, दखल घेतल्याच्या नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २०१३मध्ये ठरवलं आहे. म्हणजे आधी एवढंच शोधायचं: जानेवारी २०२६ उलटण्यापूर्वी सरकारतर्फे न्यायालयात काही दाखल झालं का? कोर्टात माणूस पाठवून नोंद तपासून घ्या. झालं नसेल, तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. विलंब माफ करायचा अधिकार न्यायालयाला आहे (कलम ५१९), पण त्याआधी त्याला तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. तो मुद्दा पहिल्याच तारखेला लेखी मांडा. आपल्याकडे दोन-दोन वर्षं फक्त हजेरी लागत राहते आणि मुदतीचा मुद्दा मध्येच विरून जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एवढ्यावर निश्चिंत मात्र होऊ नका. तुमच्या छापखान्याच्या फेसबुक पानावर 'आमची कामं' म्हणून ते कॅलेंडर अजून आहे. मी उघडून पाहिलं. फोटो मोठा केला की काश्मीरच्या डोक्याच्या जागी तुटक रेघ दिसते, अक्साई चीन वेगळ्या रंगात आहे, आणि उजव्या कोपऱ्यात कुठल्यातरी परदेशी चित्रसंग्रहाचं अर्धं पुसलेलं नाव. आवेदन झालं, थान्यात गेलात, माफी मागितलीत आणि नकाशा तेरा महिने तिथेच! सरकारी वकील म्हणेल की प्रकाशन आजही चालू आहे, आणि चालू राहणाऱ्या गुन्ह्याला रोज नवी मुदत सुरू होते. मला तो युक्तिवाद पटत नाही. छापणं एकदा घडतं असं मी म्हणेन. पण तो ऐकून घेणारा दंडाधिकारी मिळू शकतो.

दुसरं नुकसान याहून वाईट आहे. 'प्रकाशित करतो' या शब्दाखाली कॅलेंडर वाटणारा नेता आधी येतो. तुम्ही निव्वळ छापणारे, हा बचाव तुमच्याकडे होता. स्वतःच्या पानावर टाकून तुम्ही स्वतः प्रकाशक झालात. तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या आणि पोस्ट आज काढा. माफीची नवी पोस्ट टाकायची असं तुम्ही लिहिलंय, तेही करू नका, कारण त्यात तोच नकाशा पुन्हा दाखवाल. गोदामातल्या उरलेल्या प्रती जाळू नका, वाटू नका. मोजा, बांधा, आकडा लिहून ठेवा.

ग्राहकाने प्रूफ पाहून 'ओके, छापा' म्हटलेला संदेश तुमच्याकडे नाही, कारण फोन बदलला. दोन हजार प्रतींचं काम, तेही राजकीय, आणि मंजुरी फक्त व्हॉट्सअॅपवर, तीही जपलेली नाही. बिलाची प्रत आणि डिझायनरच्या ईमेलमध्ये काही असेल तर ते काढा.

आता ज्या बाजूने धोका येऊ शकतो ती बाजू. नोटिशीत कलम नाही हे मला अजिबात आवडलेलं नाही. उपकलम (२)चा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही. म्हणून अशा प्रकरणांत उपकलम (१) ओढून आणलं जातं: भारताच्या सीमांवर देशाच्या सुरक्षेला बाधक अशा रीतीने प्रश्नचिन्ह लावणं. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणून मुदतही तीन वर्षं, आणि सरकारी तक्रारीची अट त्याला नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ही (देशाचं सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणं) कोणी तोंडावर फेकेल. त्याला जाणूनबुजून केलेलं कृत्य लागतं, आणि सीमारक्षणाची घोषणा असलेल्या कॅलेंडरातून ते दाखवणं कठीण जावं. पण यातलं एकही कलम लागलं तर आधी अटकपूर्व जामिनाचा विचार, बाकी सगळं नंतर. थान्यात गुन्ह्याची नोंद आहे का, असल्यास कोणत्या कलमाखाली, हे वकिलामार्फत लेखी विचारा. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात आत्ताच धाव घेण्याची घाई मला वाटत नाही. आधी कागद हातात येऊ द्या.

'समोरच्या गटाच्या फ्लेक्सवर भारतमातेमागे नेपाळ आणि श्रीलंकेपर्यंत पसरलेला नकाशा आहे, मीही तक्रार करू का?' असं तुम्ही विचारलंय. करू नका. जे उपकलम (३) तुम्हाला वाचवतं, तेच तुमच्या तक्रारीलाही आडवं येतं. शिवाय ऐतिहासिक किंवा कल्पनेतलं चित्र हा 'भारताचा नकाशा' होतो का, यावर वाद घालता येतो. २०२३मध्ये नव्या संसद भवनातल्या भित्तिचित्रावरून नेपाळमध्ये कुरबूर झाली, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने ते सम्राट अशोकाच्या साम्राज्याचं चित्र असल्याचं सांगितलं होतं. तुमच्या कॅलेंडरला ती सोय नाही. त्यावर राज्यांच्या रेघा आहेत, त्याही जुन्या: लडाख वेगळा दाखवलेला नाही, आणि सर्वेक्षण विभागाचा तसा नकाशा २ नोव्हेंबर २०१९लाच आला.

पुढच्या कामांसाठी एवढंच लक्षात ठेवा, की १५ फेब्रुवारी २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार राजकीय नकाशासाठी सर्वेक्षण विभागाचाच नकाशा प्रमाण आहे. तो त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि छापायला परवानगी आहे. पाच मिनिटांचं काम होतं हो.

आणि तो माफीनामा. एकट्याने, घाबरून, 'आमच्याकडून चुकीचा नकाशा छापून वाटला गेला' असं लिहून दिलंत. यापुढे वकिलाशिवाय थान्यात एक ओळ लिहायची नाही. या नोटिशीलाही वकील घेऊनच जा. पण आता तो लिहिलाच आहे, तर त्याची प्रत मिळवा. थान्यातून मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मुदत कधी सुरू झाली यावर भांडण होतं, तेव्हा 'आम्हाला उशिरा कळलं' हे हमखास म्हटलं जातं. तुमच्या आठवणीप्रमाणे त्या कागदावर थान्याचा शिक्का आणि १८ जानेवारी २०२५ ही तारीख आहे. तशी ती खरंच असेल, तर त्या दिवशी पोलिसांना सगळं माहीत होतं हे त्यांच्याच शिक्क्याने सिद्ध होतं. प्रत हाती आली की मला तारखेचा कोपरा स्पष्ट दिसेल असा फोटो पाठवा.